वहीत नावं किती?

ओळखीतल्या एक बाई चामड्याच्या बॅगा शिवतात. चामडं कापणं, भोकं पाडणं, शिलाई, कडा घासून गुळगुळीत करणं, सगळं त्यांच्याच हातचं. मदतीला आठवड्यातले तीन दिवस एक मुलगी येते. मागे एका प्रदर्शनात जागा मिळावी म्हणून त्यांनी अर्ज आणला. नाव, पत्ता, मालाचा प्रकार आणि लगेच त्याखाली रकाना होता, 'समाजमाध्यमांवरील फॉलोअर संख्या'. वर्षाला किती नग तयार होतात, गिऱ्हाईक परत येतं का, शिलाई उसवली तर दुरुस्त करून देता का, यांतल्या कशालाच रकाना नव्हता. पेन हातात धरून बाईंनी मला विचारलं, "इथं काय लिहू? साडेतीनशे आहेत. त्यातले निम्मे नात्यातले."

दीड वर्षापूर्वी हाच आकडा चाळीस हजारांच्या पुढे होता. तो कुठे गेला ते पुढे येईलच. आधी तो कसा आला ते सांगतो.

बाईंनी एकदा बॅगेची कड घासतानाचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. बोलणं नाही, गाणं नाही, नुसता लाकडी दांडी चामड्यावर फिरल्याचा आवाज. तो का कोण जाणे तुफान चालला. काही लाख लोकांनी पाहिला. पुढचे तीन आठवडे फोन खाली ठेवता येईना. "किंमत?" "कमी होईल का?" "आमच्याकडे पाठवता का?" "शिकवता का?" आणि सगळ्यात जास्त, नुसता एक अंगठा. रात्री दोन-दोन तास बाई उत्तरं देत बसायच्या. त्या महिन्यात त्यांच्या हातून एरवीपेक्षा कमी बॅगा झाल्या आणि जुन्या दोन गिऱ्हाइकांची दुरुस्ती रखडली. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर हिशेब मांडला, तर त्या लाखांतून ऑर्डरी आल्या होत्या अकरा.

अकरा ऑर्डरी वाईट नाहीत. पण लाखांच्या आकड्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांनी अकराचा आकडा विचारलाच नाही, आणि अकरांतले किती जण पुन्हा आले हे तर कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

छोट्या व्यवसायाने ऑनलाइन यावं याबद्दल माझा वाद नाही. यावंच. 'येणं' म्हणजे गर्दी जमवणं, ही जी समजूत शिबिरांमधून, अर्जांमधून आणि हौशी सल्लागारांच्या तोंडून पसरली आहे, तिच्याशी माझं भांडण आहे. मोठ्या कंपनीला गर्दी लागते, कारण तिच्याकडे गर्दीला पुरेल एवढा माल असतो. ज्याचा माल दोन हातांतून निघतो त्याचं गणित निराळं आहे.

ते गणित साधं आहे आणि बाईंच्या बाबतीत मी ते कागदावर मांडलं. आठवड्याला पाच बॅगा होतात. वर्षातले पन्नास आठवडे काम धरलं तर अडीचशे. यातल्या निम्म्या जुन्या गिऱ्हाइकांनी किंवा त्यांनी पाठवलेल्या माणसांनी घेतल्या, तर नवी माणसं लागतात सव्वाशे. म्हणजे दर तीन दिवसांना एक. ज्या व्यवसायाला तीन दिवसांना एक नवा माणूस पुरतो, त्याने दहा लाख अनोळखी लोकांच्या डोळ्यांसमोर नाचायचं कशासाठी? ज्याला आज, आत्ता अशी बॅग हवी आहे असा माणूस कुठे तरी असतोच. त्याला बाई माहीत नसतात. माहीत झाल्या तर भरवसा वाटत नाही. भरवसा वाटून त्याने एकदा घेतली, तर दोन वर्षांनी नाव आठवत नाही. इंटरनेटचा छोट्या व्यवसायाला होणारा सगळा खरा फायदा या तीन फटी बुजवण्यात आहे, आणि त्यांतल्या एकीसाठीही लोकप्रिय व्हावं लागत नाही.

पहिली फट बुजवणं सगळ्यात स्वस्त, म्हणूनच बहुधा सगळ्यात दुर्लक्षित. कुणी फोनवर काही शोधतो तेव्हा तो करमणूक शोधत नसतो. त्याचं काहीतरी अडलेलं असतं. गूगलने ऑक्टोबर 2000 मध्ये ॲडवर्ड्स ही जाहिरातसेवा सुरू केली तेव्हा तिच्याकडे जेमतेम 350 जाहिरातदार होते. पुढे त्यावर एवढं साम्राज्य उभं राहिलं ते याच एका गोष्टीवर, की माणसाने स्वतःची गरज स्वतःच्या शब्दांत नुकतीच टाइप केलेली असते. त्या क्षणी त्याच्यासमोर असणं आणि तो कंटाळून अंगठा सरकवत असताना त्याच्यासमोर असणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नकाशावर आणि शोधात आपल्या व्यवसायाची नोंद करायला गूगल पैसे घेत नाही. 2014 मध्ये ही सोय 'गूगल माय बिझनेस' या नावाने आली, 2021 मध्ये तिचं नाव 'बिझनेस प्रोफाइल' झालं. नोंद करायला एक दुपार पुरते.

पण ती दुपार नीट वापरावी लागते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक नोंदी अर्धवट असतात. फोन नंबर जुना, वेळ चुकीची, फोटोत नुसती पाटी. सुट्टीच्या दिवशी 'आत्ता उघडे आहे' असं दिसतं, माणूस येऊन कुलूप बघतो आणि पुन्हा फिरकत नाही. आणखी एक खोड म्हणजे वर्णन आपल्या भाषेत लिहिणं. शिवणयंत्रं दुरुस्त करणारा लिहितो, 'सर्व प्रकारचे सुटे भाग व दर्जेदार सेवा'. गिऱ्हाईक शोधतं, 'मशीन धागा तोडतंय'. या दोन वाक्यांची गाठ कधी पडायची? फोनवर येणारे पहिले पन्नास प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत उतरवून काढावेत आणि त्यांची उत्तरं आपल्या पानावर टाकावीत. कंटाळवाणं काम आहे. यावर कुणी टाळ्या वाजवत नाही, म्हणून शिबिरांत हे कुणी शिकवतही नाही.

दुसरी फट भरवशाची. इथं जरा थांबावंसं वाटतं, कारण छोट्या माणसाच्या बाजूने इंटरनेटने काही खरोखर मोठं केलं असेल तर ते या जागी.

1995 मध्ये पिएर ओमिद्यार यांनी जी लिलावाची साइट काढली, जिचं नाव पुढे ईबे झालं, तिच्यावर विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. 14.83 डॉलरला गेला. हा बिघडलेला आहे हे कळलं आहे ना, असं ओमिद्यार यांनी घेणाऱ्याला विचारलं म्हणे, तर उत्तर आलं की मी बिघडलेलेच गोळा करतो. किस्सा गमतीचा आहे, पण त्यात सगळा पेच आलेला आहे. दोन अनोळखी माणसं, मध्ये हजारो मैल, माल हातात घेऊन बघता येत नाही, पैसे आधी द्यायचे. असा व्यवहार मुळात होतोच कसा? उत्तर पुढच्या वर्षी मिळालं. 1996 मध्ये ईबेने घेणाऱ्या-विकणाऱ्यांना एकमेकांबद्दल जाहीर अभिप्राय लिहायची सोय दिली. तोंडी चालणारी साख आता अशी लिहिली जाऊ लागली, की जगातल्या कुणालाही वाचता यावी.

त्या साखेची किंमत किती, हेही मोजून झालं आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच अनुभवी विक्रेत्याने एकाच प्रकारची जुनी, चित्रांची पोस्टकार्डं ईबेवर दोन तऱ्हांनी विकली. काही आपल्या नावाजलेल्या खात्यावरून, काही नव्या, कोऱ्या खात्यांवरून. माल तोच, माणूस तोच. तरी जुन्या खात्यावर लोकांनी सरासरी 8.1 टक्के जास्त मोजले. प्रामाणिकपणाचे पैसे होतात, असं आपण म्हणतो. इथे ते टक्क्यांत दिसले.

त्याहून मोलाचं निरीक्षण मायकेल लुका या अर्थशास्त्रज्ञाचं. त्यांनी येल्प या अभिप्रायांच्या साइटवरचे तारे आणि सिएटलमधल्या उपाहारगृहांचं सरकारदरबारी नोंदलेलं उत्पन्न शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. 2011 च्या त्यांच्या निष्कर्षानुसार एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढतं. ही बातमी पुष्कळांनी सांगितली. तिचा दुसरा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. हा परिणाम दिसला तो स्वतंत्र, एकट्या उपाहारगृहांवर. ज्यांच्या ठिकठिकाणी शाखा आहेत त्यांच्यावर ताऱ्यांचा काही परिणाम आढळला नाही. कारण सरळ आहे. शाखावाल्याची पाटी वाचली की आत काय मिळणार हे आधीच ठाऊक असतं. त्या ओळखीसाठी त्याने वर्षानुवर्षं जाहिरातींवर पैसा ओतलेला असतो. एकट्या माणसाकडे तो पैसा नसतो. अनोळखी गिऱ्हाइकांनी लिहिलेल्या दोन-दोन ओळी त्याच्यासाठी तेच काम फुकट करतात. धाकट्याला मोठ्यापेक्षा जास्त देणारी अशी सोय व्यापारात क्वचितच आढळते.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की काम झाल्यावर गिऱ्हाइकाला अभिप्राय मागा. लाजू नका. मागितल्याशिवाय लिहितो तो बहुतेक वेळा रागावलेला असतो. आणि वाईट अभिप्राय आला तर त्याला उत्तर द्या, पण ते रागावलेल्या माणसासाठी लिहू नका. तो गेलेला असतो. ते उत्तर वाचणार आहे तो पुढचा, अजून न आलेला माणूस. 'पट्टा तुटला हे खरं, कडी हलकी निघाली, बदलून दिली' एवढं पुरे. बाईंच्या पानावर असा एक अभिप्राय आणि असं एक उत्तर आहे. नंतर आलेल्या तिघांनी त्यांना सांगितलं की आम्ही ते वाचून आलो. चाळीस सेकंदांच्या व्हिडिओबद्दल असं कुणी बोललं नव्हतं.

अर्थात जिथे साखेला किंमत आली तिथे खोटी साख विकणारेही आले. विकत घेतलेले तारे, भाचे-पुतण्यांकडून लिहून घेतलेलं कौतुक, शेजारच्या धंद्यावर टाकलेली चिखलफेक. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑगस्ट 2024 मध्ये खोटे अभिप्राय लिहिणं आणि विकणं यांवर बंदी घालणारा नियम काढला आणि तो ऑक्टोबरपासून लागू झाला. नियमाने सगळं थांबेल असं नाही. पण खोट्या अभिप्रायांचा पहिला बळी प्रामाणिक छोटा व्यावसायिकच असतो हे यातून मान्य झालं, हे बरं झालं. कारण दुसऱ्याच्या खोट्या पाच ताऱ्यांशेजारी याचे खरे सव्वाचार फिके दिसतात.

आता आठवणीची फट. ती बुजवायला वही पुरते. ती कागदाची आहे की फोनमधली, यानं फरक पडत नाही. कोण आलं, काय नेलं, कधी नेलं, पुन्हा कधी लागेल. चष्मेवाला, घड्याळ दुरुस्त करणारा, शिकवणी घेणारा, पुस्तकं बांधणारा, सगळ्यांच्या धंद्यात 'पुन्हा कधी लागेल' या प्रश्नाला बऱ्यापैकी ठरलेलं उत्तर असतं. चामड्याला वर्षातून एकदा तेलपाणी लागतं. बाईंनी बॅग नेल्याला अकरा महिने झाले की एक ओळ पाठवायला सुरुवात केली: 'बॅग घेऊन या, कडा घासून देते.' पैसे अगदी नाममात्र. येणारा नुसती बॅग घेऊन येत नाही. बरोबर बहीण असते, मित्र असतो, आणि फळीवर नवं काम मांडलेलं असतं.

इथे यंत्राची खरी मदत होते. व्हॉट्सॲपने जानेवारी 2018 मध्ये व्यवसायांसाठी वेगळं ॲप आणलं. त्यात मालाची यादी लावता येते, गिऱ्हाइकांना 'पैसे यायचे आहेत', 'दुरुस्तीला आलेलं' अशा चिठ्ठ्या चिकटवता येतात, ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरं तयार ठेवता येतात. त्याच्या ब्रॉडकास्ट यादीचा एक नियम मला फार आवडतो. यादीत 256 जण मावतात आणि संदेश पोहोचतो तो फक्त ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच. म्हणजे यंत्रच विचारतं, बाबा रे, तू यांना ओळखतोस ते खरं, पण हे तुला ओळखतात का? बाईंना 256 ची मर्यादा अजून आड आलेली नाही.

परवानगीशिवाय मात्र कुणाला काही पाठवू नये. 1978 मध्ये गॅरी थुर्क या संगणक कंपनीतल्या विक्रेत्याने इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे 400 जणांना एका झटक्यात जाहिरात पाठवली. आज तिला पहिला स्पॅम म्हणतात. विक्री झाली असं ते स्वतः सांगतात, पण लोक इतके संतापले की तसं पुन्हा करायला त्यांना मनाई झाली. तो मोठ्या कंपनीचा माणूस होता, निभावलं. ज्याची सगळी पुंजी दोनशे माणसांची ओळख आहे त्याला दोनशेंतले वीस जण तोडणं परवडत नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग समाजमाध्यमं टाकाऊच म्हणायची का? तसं नाही. काही धंद्यांना ती अक्षरशः जीवदान देतात. ज्याचं गिऱ्हाईक थोडं आहे आणि जगभर विखुरलेलं आहे, अशा माणसाला पूर्वी धंदाच करता येत नव्हता. डावखुऱ्यांसाठी कात्र्या बनवणारा, विशिष्ट जुन्या कॅमेऱ्याचे सुटे भाग घडवणारा, नामशेष होत चाललेल्या वाद्याच्या तारा वळणारा. एका गावात अशी तीन गिऱ्हाइकं असतील, पण जगात तीन हजार असतात आणि ती कुठल्या ना कुठल्या ग्रुपमध्ये आपापसांत बोलत असतात. तिथे जाऊन उत्तरं देणं, मदत करणं, आपलं काम दाखवणं याला पर्याय नाही. शिवाय ज्या कामात कौशल्य डोळ्यांना दिसतं तिथे ते दाखवावंच. माझं म्हणणं इतकंच, की तिथे भेटलेला माणूस तिथेच सोडू नये. त्याला आपल्या वहीत आणावं. का, ते बाईंच्या चाळीस हजारांनी शिकवलं.

एका संध्याकाळी त्यांना निरोप आला की तुमच्या खात्याविरुद्ध तक्रार आहे, इथे पडताळणी करा. त्यांनी केली. निरोप खोटा होता, खातं चोरांच्या हाती गेलं. दुसऱ्या दिवशी खात्यावर कवडीमोल भावात महागडे चष्मे विकायला लागले होते. त्यांनी तक्रार नोंदवली. तक्रारीचा परिणाम असा की माध्यमाने खातंच बंद केलं. उत्तरं येत होती, सगळी एकाच साच्यातली, 'आमच्या नियमांचा भंग झाल्याने'. कोणत्या नियमाचा, कुणी केलेला, हे नाही. बोलायला माणूस नाही, फोन नाही, दार नाही. तीन महिन्यांनी बाईंनी नाद सोडला. त्यांची चूक झाली, दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागणारी सोय, चालू ठेवायला हवी होती, हे खरं. ती पाच मिनिटांची गोष्ट प्रत्येकाने आजच करावी. पण घराची किल्ली हरवली म्हणून कुणी घरच पाडत नाही.

समाजमाध्यमावरचं पान ही भाड्याची जागा आहे. तिथे करारनामा नसतो आणि मालक रोज नियम बदलतो. 2016 मध्ये इन्स्टाग्रामने पोस्टी लागल्या त्या क्रमाने दाखवणं सोडून स्वतःच्या हिशेबाने दाखवायचं ठरवलं. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टींना झुकतं माप द्यायचं जाहीर केलं आणि व्यवसायांची पानं मागे सरली. पुढे यायचं तर पैसे भरा. एट्सी या हस्तकलेच्या बाजारपेठेने 2018 मध्ये आपलं कमिशन साडेतीन टक्क्यांवरून पाच केलं, 2022 च्या एप्रिलमध्ये साडेसहा. तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकानं बंद ठेवली. कमिशन तेवढंच राहिलं. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुकच्या स्वतःच्याच जाळ्यातल्या एका चुकीच्या बदलामुळे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर बंद पडलं. ज्यांचा सारा धंदा त्या तिन्हींवर होता त्यांना त्या सहा तासांत गिऱ्हाइकाला 'थांबा' एवढंही कळवता आलं नाही. आणि काही मालक तर वाडाच पाडून जातात. जिओसिटीज 2009 मध्ये गेलं, ऑर्कुट 2014 मध्ये, वाइन 2017 मध्ये, गूगल प्लस 2019 मध्ये. तिथे घडवलेली पानं, जोडलेली माणसं, सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

या कंपन्यांना छोट्या व्यवसायांचा कळवळा येतो तेव्हा तर मला जास्तच सावध व्हावंसं वाटतं. डिसेंबर 2020 मध्ये फेसबुकने अमेरिकेतल्या बड्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन सांगितलं की ॲपल आयफोनमध्ये आणू पाहत असलेल्या बदलांविरुद्ध आम्ही छोट्या व्यवसायांसाठी उभे आहोत. बदल असा होता की वापरणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय त्याचा माग काढता येणार नाही. एप्रिल 2021 मध्ये तो आला. त्या परवानगीविना लक्ष्य साधणाऱ्या जाहिरातींचा नेम चुकायला लागला, छोट्यांचं नुकसान झालं, हे खोटं नाही. पण 2022 च्या फेब्रुवारीत कंपनीने गुंतवणूकदारांना सांगितलेला स्वतःच्या नुकसानीचा अंदाज होता सुमारे 10 अब्ज डॉलर. ताकापुरतं रामायण म्हणतात ते हेच.

म्हणून स्वतःचा पत्ता हवा. एका पानाची का होईना, स्वतःच्या नावाची वेबसाइट. काटेकोर बोलायचं तर डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नावही पैसे भरत राहूनच टिकतं. पण ते नाव तुमच्या हातात असतं. ज्या कंपनीच्या संगणकावर साइट ठेवली तिच्याशी पटलं नाही तर बिऱ्हाड दुसरीकडे हलवता येतं आणि पत्ता तोच राहतो. मात्र हे नाव नोंदवताना ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. साइट बनवून देणाऱ्या पोराच्या नावावर नको. या एका गाढवपणापायी मी चांगली चाललेली दोन दुकानं नव्या नावाने पुन्हा सुरू झालेली पाहिली आहेत.

आतापर्यंत जे बोललो ते एकेकट्याने करायचं. पण बाईंचं खातं बंद झालं ते काही फक्त त्यांच्या निष्काळजीपणाचं प्रकरण नाही. ज्या जागेवर लाखो लोकांची रोजीरोटी चालते ती जागा खाजगी असली तरी तिथले नियम हा सार्वजनिक प्रश्न होतो. रेल्वे, टपाल, टेलिफोन यांच्याबाबतीत समाजाने हे पूर्वीच मान्य केलेलं आहे. युरोपीय संघाने त्या दिशेने एक पाऊल टाकलं. त्यांचा 2019 चा 1150 क्रमांकाचा नियम 12 जुलै 2020 पासून लागू आहे. त्यात अशा माध्यमांनी आणि बाजारपेठांनी व्यावसायिकांशी कसं वागावं हे घालून दिलं आहे. अटी बदलायच्या तर किमान 15 दिवस आधी कळवा. सेवा कायमची बंद करायची तर एरवी किमान 30 दिवस आधी कारणासह सांगा. कुणाचा माल वर दाखवता आणि कुणाचा खाली, ते ठरवणारी मुख्य कारणं उघड करा. मोठ्या माध्यमांनी तक्रार ऐकायची अंतर्गत व्यवस्था ठेवा. यात क्रांतिकारक काहीच नाही. भाडेकरूला घराबाहेर काढण्यापूर्वी नोटीस द्यावी, इतकी साधी ही अपेक्षा आहे.

हा नियमही जिथे कमी पडतो ती जागा मला महत्त्वाची वाटते. गिऱ्हाइकांच्या माहितीपर्यंत व्यावसायिकाला पोहोचता येईल की नाही, हे माध्यमाने स्पष्ट सांगावं, एवढंच तो म्हणतो. ती माहिती मिळालीच पाहिजे असं म्हणत नाही. कंपनी बदलली तरी मोबाइलचा नंबर तोच ठेवायचा हक्क अनेक देशांत मिळाला आहे. ज्या गिऱ्हाइकाने स्वखुशीने तुमच्या पानाशी नातं जोडलं, त्याला 'हे दुकान आता इथे नाही, तिथे आहे' एवढा एक निरोप जाण्याचा हक्क का नसावा? कुणाचा फोन नंबर उघड करायची गरज नाही. निरोप माध्यमानेच पोहोचवावा, गिऱ्हाइकाला हवं असेल तर त्याने यावं. बाईंना असा एक निरोप पाठवता आला असता तर चाळीस हजारांतले खरे दोनशे जण त्यांना पुन्हा सापडले असते. बाकीचे गेले असते, आणि जायलाच हवे होते.

सरकारं आणि संस्था छोट्या व्यवसायांना 'डिजिटल' करण्यावर पैसा खर्च करतात तेव्हा त्यांनीही मोजपट्टी बदलावी. किती जणांनी खातं उघडलं, किती जणांनी रील बनवली, हे मोजायला सोपं, म्हणून मोजलं जातं. सहा महिन्यांनी किती जणांकडे गिऱ्हाइकांची यादी आहे, किती जणांची नकाशावरची वेळ बरोबर आहे, किती जण पावती फोनवरून देतात आणि महिनाअखेर हिशेब लावू शकतात, हे विचारा. त्यातलं शेवटचं तर फार दुर्लक्षित आहे. पैसे खात्यात जमा होऊ लागले, बिलं फोनमध्ये राहू लागली, की वर्षाअखेरीस उलाढालीचा लेखी पुरावा तयार होतो. तारण नसलेल्या माणसाला कर्ज मागायला जाताना तो कागद उपयोगी पडतो. फॉलोअरच्या संख्येवर अजून कुणी कर्ज दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. प्रदर्शनात जागा मात्र देतात, असं दिसतं.

वेळेचा हिशेब तर कुणीच धरत नाही. एकट्याच्या धंद्यात मालक, कारागीर, हिशेबनीस, हमाल सगळं एकच. रोजची एक पोस्ट म्हणजे फोटो, मजकूर, उत्तरं धरून तास-दीड तास गेला. आठवड्याला तेवढ्यात दोन बॅगा होतात. या दोन बॅगा पोस्टींच्या खर्चात धरायच्या की नाही? बाईंनी धरल्या, आणि आता त्या पंधरवड्यातून एकदा, काम झालेल्या बॅगेचा फोटो टाकतात. खाली लिहितात कुठलं चामडं, किती दिवस लागले. बस.

तर तो अर्ज. बराच वेळ त्यांनी त्या रकान्याकडे बघितलं. मग कपाटातून वही काढली, बोटाने ओळी मोजत गेल्या. मध्येच दोन नावांवर थांबल्या, ती माणसं आता नाहीत. मोजून झाल्यावर रकान्यात लिहिलं, 214. जागा उरली होती, म्हणून पुढे बारीक अक्षरात भर घातली: 'पैकी 61 जण पहिली बॅग दुरुस्तीला घेऊन आले तेव्हा दुसरी घेऊन गेले.' मी म्हटलं, त्यांनी हे विचारलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मग विचारायला हवं होतं," आणि पेनाचं टोपण लावलं.